उत्तररंगाची खुर्ची

फ्रेमिंगहॅम, मॅसॅच्युसेट्स

ती. आईंस,

हे पत्र घरातल्या चौघांचं आहे. सूनबाईंनी लिहायला घेतलं, चिरंजीवांनी आकडे तपासले, नातीनं मध्येमध्ये चुका काढल्या आणि नानांनी दोन परिच्छेद खोडून तिथं स्वतःचे घातले. त्यामुळे यात 'मी' कुणीच नाही. 'मी' लिहिलं की चौघंही त्यावर हक्क सांगतात.

सगळे खुशाल आहेत. नानांची साखर काबूत आहे, गुडघे बरे आहेत. काळजीचं कारण एकच : वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, बँकेच्या कॅशिअरकीतून सुटून चौदा वर्षं झाल्यावर, नाना पुन्हा नोकरी शोधत आहेत. आणि तीही बोस्टन रेड सॉक्स या बेसबॉल संघाच्या टीव्हीवर.

तुम्ही लोणच्याचं आणि गुडघ्यांचं कारण काढून समर्थनगरलाच राहिलात. नाना एप्रिलात एकटेच आले. विमानतळावरच्या साहेबानं सहा महिन्यांचा शिक्का मारला. बेसबॉलचा मोसमही सहाच महिन्यांचा, मार्चअखेर ते सप्टेंबरअखेर, आणि त्यात एकेका संघाचे १६२ सामने. जवळजवळ रोज एक. नानांनी हा हिशेब मांडला आणि शिक्का मारणाऱ्याला यातलं कळत असलं पाहिजे असा निष्कर्ष काढला.

आता ही खुर्ची काय आहे ते. टीव्हीवर सामना सांगायला दोघं बसतात. पहिला चेंडू सांगतो : फेकला, मारला, झेलला. दुसऱ्याला इथं 'कलर कॉमेंटेटर' म्हणतात. नानांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते चपापले. "दूरदर्शन १९८२च्या एशियाडला रंगीत झालं. यांना रंगासाठी अजून वेगळा माणूस लागतो?" चिरंजीवांनी समजावलं, की हा रंग पडद्यावरचा नाही, बोलण्यातला. फेक अशी का आली, फलंदाज का चुकला, वीस वर्षांपूर्वी असंच काय झालं होतं, हे सगळं दुसऱ्यानं सांगायचं. नाना क्षणभर गप्प झाले आणि मांडीवर थाप मारून म्हणाले, "म्हणजे उत्तररंग!"

आणि खरंच, याहून चांगला शब्द आम्हाला कुणालाच सुचला नाही. कीर्तनात पूर्वरंगात निरूपण होतं, उत्तररंगात आख्यान. लोक खरे बसतात ते आख्यानासाठी. (नातीला कीर्तन म्हणजे काय हे सांगण्यात एक अख्खा डाव गेला. तेवढ्यात दोन धावा झाल्या, त्या कुणीच पाहिल्या नाहीत.)

बेसबॉलला उत्तररंगाची गरज क्रिकेटपेक्षा जास्त. २०१३ साली 'वॉल स्ट्रीट जर्नल'नं घड्याळ लावून मोजलं, तर तीन तासांच्या सामन्यात प्रत्यक्ष हालचाल भरली जेमतेम अठरा मिनिटं. बाकी वेळ चेंडू चोळणं, टोपी सरळ करणं आणि थुंकणं. ही पोकळी कुणीतरी बोलून भरायची. लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाचे विन स्कली यांनी तर बहुतेक वेळा एकट्यानंच दोन्ही रंग सांभाळले, १९५० पासून २०१६ पर्यंत, ६७ मोसम. नानांनी हे ऐकून टोपी काढली. डोक्यावर टोपी नव्हती, पण हात गेला.

बोस्टनची खुर्ची जेरी रेमी यांची होती. फॉल रिव्हरचा जन्म, शेजारच्या सॉमरसेटमध्ये वाढलेला मुलगा. १९७८ पासून १९८४ पर्यंत तो बोस्टनकडून दुसऱ्या ठाण्यावर खेळला, आणि १९८८ पासून नेसन वाहिनीवर बोलू लागला, तो तीस वर्षांहून जास्त बोलतच राहिला. बोली अस्सल इथलीच, शब्दाच्या शेवटचा 'र' गिळणारी. लिहायचं 'कार', म्हणायचं 'का'. नाना म्हणतात, "आपल्याकडं 'का' म्हटलं की पुढं 'मून' लागतं. कामून." रेमींच्या टेबलावर संघाच्या हिरव्या राक्षसाची, वॉलीची, बाहुली एका छोट्या खुर्चीत बसवलेली असे आणि ते त्या बाहुलीच्याही गोष्टी रचून सांगत. मोठा माणूस, पण बाहुलीला पात्र करून आख्यान लावायला लाजत नसे.

२००८ साली त्यांना फुप्फुसाचा कर्करोग निघाला. ते उपचार घेत, परत येत, पुन्हा जात. ५ ऑक्टोबर २०२१ला, यँकीजबरोबरच्या सामन्याआधी, त्यांनी संघाच्या घरच्या मैदानावर, फेनवे पार्कवर, मानाचा पहिला चेंडू टाकला. तो झेलला त्यांचे टीव्हीवरचे जोडीदार डेनिस एकर्सली यांनी. त्याच महिन्याच्या ३० तारखेला रेमी गेले.

नानांना हे सगळं जुनं दृश्य दाखवायचं म्हणून चिरंजीवांनी एक रात्र यूट्यूबवर घालवली, आणि तिथं तो पिझ्झा सापडला. १६ एप्रिल २००७, एंजल्सविरुद्धचा सामना. डाव्या बाजूला चेंडू उंच उडाला, प्रेक्षकांच्या कठड्यापाशी गॅरेट अँडरसन झेलायला गेला, झेल काही झाला नाही. तिथल्या धांदलीत एका प्रेक्षकानं दुसऱ्याच्या अंगावर पिझ्झ्याचा अख्खा तुकडा भिरकावला. रेमी आणि त्यांचे जोडीदार डॉन ऑर्सिलो ते दृश्य पुनःपुन्हा लावत राहिले. रेमी पिझ्झ्याचा मार्ग चेंडूच्या मार्गाइतक्याच गंभीरपणे समजावून सांगत होते, आणि ऑर्सिलोंना हसू आवरेना. नाना सात वेळा बघून डोळे पुसत म्हणाले, "हाच. याच्यासारखाच पाहिजे."

तर ही खुर्ची भरायची कुणी? २०२२च्या मोसमाला वाहिनीनं केव्हिन मिलार आणि केव्हिन युकिलिस हे जुने खेळाडू आणले, टोनी मासारोटी हे पत्रकारही आणले. एकर्सली होतेच. पण तो मोसम संपताच तेही थांबले. या माणसाची भाषा वेगळीच. वेगवान चेंडूला 'चीज' म्हणायचे. सूनबाईंनी त्याचं मराठी 'पनीर' केलं आणि नानांनी ते फेटाळलं, कारण पनीर मऊ असतं. सामना संपवून टाकणाऱ्या फटक्याचा 'वॉक-ऑफ' हा आता सगळ्यांच्या तोंडी असलेला शब्दही मूळ त्यांचाच म्हणून सांगतात. त्यानंतरच्या मोसमांत ही खुर्ची युकिलिस, विल मिडलब्रुक्स आणि लू मर्लोनी यांच्यात आलटून-पालटून फिरत आली. नानांच्या भाषेत : पुजाऱ्यांच्या पाळ्या लागल्यात, कायम गुरव नेमलेला नाही. म्हणूनच अर्ज करायला वाव आहे.

नानांनी तिघांचाही अभ्यास केला आहे. युकिलिस खेळायचा तेव्हा बाहेरचे चेंडू सोडण्यात पटाईत. चार बाहेरचे सोडले की फलंदाज फुकटात चालत पहिल्या ठाण्यावर जातो, आणि याच गुणासाठी 'मनीबॉल' या पुस्तकानं त्याला ग्रीक देवाची उपाधी मिळवून दिली. गंमत म्हणजे गृहस्थ ग्रीक नाहीत, ज्यू आहेत. नानांनी त्याला 'इथला द्रविड' करून टाकलं.

मिडलब्रुक्स नानांचा लाडका, पण वेगळ्या कारणानं. २०१३च्या जागतिक मालिकेचा तिसरा सामना, सेंट लुईस, शेवटचा डाव, बरोबरी. मिडलब्रुक्स तिसऱ्या ठाण्यावर चेंडू अडवायला झेपावून आडवा पडला, चेंडू निसटला, आणि धावायला निघालेला ॲलन क्रेग त्याच्या अंगावर अडखळून कोलमडला. क्रेग पुढं घरच्या ठाण्यावर बादही झाला असता, पण पंचांनी अडथळा दिला, धाव बहाल केली आणि सामना ५-४ असा तिथंच संपला. (मालिका शेवटी बोस्टननंच जिंकली.) "ज्याच्या अंगावरून नियम गेला," नाना म्हणतात, "त्याच्याइतका नियम कोण समजावणार?"

आणि मर्लोनी तर आपल्याच गावचा! फ्रेमिंगहॅममध्ये जन्मला, इथंच वाढला आणि बोस्टनसाठी खेळला. नानांना लगेच इक्बाल सिद्दीकी आठवला. आपल्या औरंगाबादचा जलद गोलंदाज, डिसेंबर २००१मध्ये मोहालीला इंग्लंडविरुद्ध एकच कसोटी खेळला, आणि दुसऱ्या डावात चार-पाच धावा हव्या होत्या तर त्यालाच सलामीला पाठवलं. एवढ्या एका कसोटीवर आमखास मैदानाच्या कट्ट्यावर वीस वर्षं गप्पा चालल्या. मर्लोनीकडं नाना त्याच नात्यानं बघतात. किराणा आणायला गेलं की त्याची शाळा कुठली होती ते विचारतात. दुकानदार ब्राझीलचा आहे, त्याला फुटबॉलच कळतो.

नानांची स्वतःची पात्रता तुम्हाला ठाऊकच आहे. आमखासवरच्या टेनिस बॉलच्या स्पर्धांना नाना दहा-बारा वर्षं माइकवर होते. रेडिओवर मराठीतून क्रिकेट सांगणारे बाळ ज. पंडित हे त्यांचे गुरू, अर्थात पंडितांना ते माहीत नव्हतं. एका षटकारात चेंडू, वारा, फलंदाजाचे वडील आणि एकावन्न रुपयांचं बक्षीस देणारे गुलमंडीचे कापडवाले, सगळे येत. बेसबॉलसाठीही त्यांनी शब्द तयार ठेवलेत. 'बेस' म्हणजे ठाणं, 'डगआउट' म्हणजे खंदक, आणि राखीव फेकणारे जिथं अंग गरम करतात त्या 'बुलपेन'ला सरळ गोठा.

चिरंजीवांनी अडचण काढली : इथं दुसऱ्या खुर्चीवर बहुतेक जुना खेळाडूच लागतो. नाना म्हणाले, "हर्षा भोगले कुठं कसोटी खेळला?" चिरंजीव म्हणाले, भोगलेंना २०१६मध्ये आयपीएलच्या वेळी वगळलं होतं. "मग मांजरेकर तर खेळला होता ना? त्यालाही २०२०मध्ये मंडळाच्या यादीतून काढलंच." यावर घरात थोडा वेळ शांतता होती. मग कळलं, की नेसन वाहिनीत मोठा वाटा रेड सॉक्सच्या मालकांचाच आहे. नाना म्हणाले, "म्हणजे वरपक्षानंच आचारी ठेवायचा, आणि वरण अळणी आहे हे आचाऱ्यानं पंगतीत सांगायचं. अवघड आहे."

प्रेक्षकांचं म्हणाल, तर त्यांचं मालक ऐकतातच असं नाही. २०१५च्या अखेरीला ऑर्सिलोंना बदललं तेव्हा हजारो लोकांनी निषेधाच्या अर्जावर सह्या केल्या. ऑर्सिलो सान डिएगोला गेले ते गेलेच. केदार जाधवची गोष्ट मात्र नानांना आशा देते. २०२३मध्ये तो आयपीएलचं मराठी समालोचन करत बसला होता, आणि मोसमाच्या मध्येच बंगळुरूच्या संघानं त्याला खेळायला उचललं. माइकवरून मैदानात! तेव्हापासून नाना रोज सकाळी अंगणात हात फिरवतात.

पण एक अडचण खरी आहे. २०२३ पासून फेकणाऱ्याला घड्याळ लावलंय. ठाणी रिकामी असतील तर पंधरा सेकंदांत चेंडू टाकायचा. सामन्याची सरासरी तीन तास चार मिनिटांवरून दोन तास चाळीसवर आली. लोक खूश आहेत. नाना नाहीत. त्यांचं सगळ्यात लहान आख्यान चार मिनिटांचं आहे.

म्हणून परवा घरातच चाचणी घेतली. टीव्हीचा आवाज बंद, नात चेंडू सांगणार आणि प्रत्येकानं एकेक डाव उत्तररंगाला बसायचं. नातीनं आपला कापडी हत्ती वॉलीच्या जागी ठेवला. चिरंजीवांनी चेंडूचे दर मिनिटाचे फेरे, बॅटवरून निघतानाचा कोन वगैरे सांगितलं. नानांनी दहापैकी तीन दिले. "हा लॅबचा रिपोर्ट झाला." नानांनी स्वतः आपल्या डावात एक गोष्ट सुरू केली, ती अर्धवट राहिली, बाजू बदलली, जाहिराती आल्या, नाना बोलतच होते. सूनबाई पोह्यांचं ताट हातात घेऊन उभ्याच राहिल्या. फेकणाऱ्या पोराचं तोंड मोठं करून दाखवलं तेव्हा त्या सहज म्हणाल्या, "याचं आज घरी भांडण झालंय. आता हा मधोमध टाकणार बघा." त्यानं मधोमध टाकला. चेंडू थेट प्रेक्षकांत. नानांनी नऊ गुण दिले आणि पोह्यांत लिंबू कमी आहे म्हणून एक कापला.

तेवढ्यात तुमचा व्हिडिओ कॉल आला होता, आठवतं? तुम्ही पडद्याकडं बघून म्हणालात, "अहो, ही पोरं सारखी थुंकतात काय? आणि तो मागं बसलेला, लोखंडी जाळीवाला, त्याला म्हणावं, पाटावर बस." हा फोन चालू असतानाच तुमच्याकडं नळाला पाणी आलं. तुम्ही तसाच फोन हातात घेऊन अंगणात गेलात. शेजारच्या काकू ओरडल्या, "आलं!" आणि मग तुम्ही सांगत राहिलात : धार बारीक का आहे, कुणी मोटर लावली, जायकवाडी भरलेलं असून पाळी का चुकली, आणि गेल्या उन्हाळ्यात असंच पाणी आलं तेव्हा कोणाची टाकी सांडली. पाऊण मिनिटात सगळं. नातीनं घड्याळ लावून मोजलं.

नानांचा अर्ज अजून टेबलावरच आहे. पाकीट चिकटवलेलं नाही. काल रात्री त्यांनी वरचं नाव खोडून तुमचं घातलं.

उद्याचा सामना इथल्या संध्याकाळचा, म्हणजे तुमच्या पहाटे चार-साडेचारचा. तुम्ही तेव्हा उठलेल्याच असता. दूध गॅसवर ठेवायच्या आधी फोन करा, नात पहिल्या खुर्चीवर बसलेली असेल. आणि लोणचं कुणाबरोबर तरी पाठवा. कैरीचं, गूळ कमी.

सर्वांचा नमस्कार.

ता. क. : वरचे दोन परिच्छेद कुठले नानांचे, ते ओळखा. जे लांब आहेत ते.