न फुटणाऱ्या हंडीची मीमांसा

श्रावण वद्य नवमीला ठाण्यात सकाळी जी मोठी हंडी बांधतात, ती दिवसभर फुटत नाही. ट्रकमागून ट्रक येतात, पथके उतरतात, थर लागतात, सगळ्यात वरचा पोरगा सलामी देतो, खाली उतरतो आणि हंडी आपली जिथल्या तिथे. घोडबंदरच्या ट्रॅफिकवर ठाणेकरांनी आजवर विपुल चिंतन केले आहे, पण हंडी फुटत का नाही, यावर कोणी ब्र काढलेला आमच्या ऐकिवात नाही. ही उणीव भरून काढण्याचे कार्य कोणी सोपवलेले नसतानाही आम्ही हाती घेत आहोत.

आधी दहीहंडीचे लक्षण बांधू. ‘दह्याने भरलेले मडके फोडण्याचा खेळ’ म्हणावे तर अव्याप्तीचा दोष येतो, कारण मग ठाणे, म्हणजे या खेळाची राजधानीच, व्याख्येबाहेर राहते. ‘माणसांनी माणसांवर चढण्याचा सामुदायिक प्रकार’ म्हणावे तर अतिव्याप्ती होते. सकाळची डोंबिवली फास्ट त्यात आरामात बसते. (तिला बसायला मिळणारी ही एकमेव जागा.) ‘आवाजाची मर्यादा पाळून खेळायचा खेळ’ असे म्हटल्यास शास्त्रात ज्याला असंभव म्हणतात तो दोष ओढवतो. तेव्हा लक्षणाचा नाद सोडून शासनाला शरण जावे हे बरे. 2015 साली महाराष्ट्र सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला आणि 2022 मध्ये गोविंदांना सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या पाच टक्के कोट्यात घेण्याची घोषणा झाली. म्हणजे हा एक साहसी खेळ असून त्याची दरवर्षी नवी आवृत्ती निघते. अशा प्रत्येक दीर्घजीवी खेळाच्या नशिबी एकच भांडण असते: जुना खरा, की नवा बरा?

जुनी आवृत्ती कल्याण-डोंबिवलीच्या चाळींतून खेळली जाई. या गॅलरीतून त्या गॅलरीत दोर टाकायचा आणि मधोमध हंडी. उंची ठरवणार दोर ज्याच्या हातात तो. पोरे तिसऱ्या थरावर आली की दोर हातभर वर ओढला जाई, आणि दोनदा कोसळून पथक रडकुंडीला आले की तोच दोर हळूच सैल सुटे. खेळणाऱ्याची कुवत बघून खेळ अवघड किंवा सोपा करण्याच्या या विद्येसाठी व्हिडिओ गेमच्या कंपन्या आज इंजिनिअरांना भरघोस पगार देतात. चाळीत हे काम पहिल्या मजल्यावरच्या काकू एका हाताने करीत, कारण दुसऱ्या हातात पाण्याची बादली असे. हंडी फुटली की काला वाटायचा आणि खेळ खलास. पुढची आवृत्ती पुढच्या श्रावणात.

आता नवी आवृत्ती. इथे रस्त्याच्या मधोमध क्रेन, बाजूला व्यासपीठ, त्यावर नेते आणि मालिकांतले चेहरे, आणि प्रत्येक थराला ठरलेली बिदागी. हंडी न फुटण्याची उपपत्ती याच व्यवस्थेत दडलेली आहे. सकाळी दहालाच एखाद्या पथकाने हंडी फोडली, तर रात्रीपर्यंत व्यासपीठाने काय करायचे? म्हणून सलामी. थर लावा, हात कपाळाला लावा, उतरा, ट्रॉफी घ्या, पुढच्या चौकात जा. खेळाचा हेतू डोक्यावर टांगलेला ठेवून खाली नुसते गुण मोजायचे, ही रचना ज्याने शोधली त्याला आम्ही थोर मानतो. तो ठाण्याचा असावा असा दाट संशय आहे.

विक्रम मात्र बाहेरून येतात. 2012 साली जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने ठाण्यात नऊ थर रचले. गिनीज बुकात त्याची उंची 13.34 मीटर अशी नोंदली गेली. 2025 मध्ये जोगेश्वरीच्याच कोकण नगर पथकाने वर्तकनगरात दहा थर लावले. हंडी ठाण्याची, थर जोगेश्वरीचे. ठाणेकरांचे योगदान म्हणजे बंद रस्त्याला वळसा घालून घरी पोचणे.

या 13.34 मीटरला नऊने भागल्यास एका थराचे सरासरी मूल्य 1.48 मीटर, म्हणजे जेमतेम 4.9 फूट निघते. हा आकडा निरुपयोगी वाटेल, पण नाही. 2014 साली मुंबई उच्च न्यायालयाने उंचीवर 20 फुटांची मर्यादा घातली होती आणि 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सैल करायला नकार दिला. आमच्या सूत्राने 20 फुटांत 4.1 थर बसतात. चार थर लावता येतील. उरलेला एक-दशांश गोविंदा कुठून आणायचा याबद्दल निकालपत्र मौन बाळगते. दादरच्या गोविंदांनी त्या वर्षी हा प्रश्न निषेधापुरता सोडवला. त्यांनी सरळ शिडी लावली आणि हंडी फोडली.

ही शिडी आमच्या मते या शास्त्रातला सर्वांत मौलिक प्रयोग आहे. तिथे हंडी फुटली, जुन्या आवृत्तीचा हेतू शंभर टक्के साधला, आणि खेळ मात्र झालाच नाही. ठाण्यात हंडी फुटत नाही आणि तरी हजारो माणसे श्वास रोखून माना वर करून उभी असतात. यावरून खेळाचा प्राण मडक्यात नाही, हे सिद्ध होते. हंडी फुटत नाही, हे जुन्यांचे निम्मे गाऱ्हाणे इथेच निकाली निघाले.

उरलेले निम्मे गाऱ्हाणे दोराचे. वरच्या पोराच्या कमरेला दोर, डोक्यावर हेल्मेट, खाली गाद्या. मग साहस ते काय राहिले? हा पूर्वपक्ष नीट ऐकून घ्यायला हवा, कारण तो सातासमुद्रापारही ऐकू येतो. 1989 साली आलेल्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या गेममध्ये राजकन्येला सोडवायला साठ मिनिटे मिळत, आणि चुकीची उडी मारली की राजपुत्र खिळ्यांवर. कॉम्प्युटर क्लासची फी भरून एका पिढीने मुख्यतः हेच शिक्षण घेतले. 2003 च्या आवृत्तीत राजपुत्राला काळ मागे फिरवणारा खंजीर मिळाला. 2008 च्या आवृत्तीत तर तो पडला की सोबतची एलिका दरवेळी त्याला हात देऊन वर काढी. जुने खेळाडू खवळले: मरणच नसेल तर उडी कसली?

पडद्यावरच्या राजपुत्राबाबत हा वाद रात्रभर घालता येईल. जिवंत पोराबाबत तो एक मिनिटही घालू नये. दोरामुळे थरार गेला असे ज्यांना वाटते, त्यांनी निदान दुसऱ्या थरावर खांदा देऊन पाहावा. शिवाय तो दोर फक्त वरच्याला राखतो. मधले थर कोसळतात ते पूर्वीसारखेच, एकमेकांच्या माना-पाठींवर. त्यांच्यापुरती जुनी आवृत्ती अजून चालूच आहे. 2017 मध्ये उंचीचा निर्णय न्यायालयाने सरकारवर सोडला आणि चौदा वर्षांखालील मुलांना थरांवर बंदी आली, तेव्हाही खेळ बुडेल अशी हाकाटी झाली होती. खेळ बुडाला नाही, दहाव्या थरावर गेला. 2023 पासून प्रो गोविंदा लीगमध्ये तो छताखाली, घड्याळ लावूनही खेळला जातो. त्यात ना पाऊस, ना काकूंची बादली. आम्हाला तो फिका वाटतो, पण त्यात दोष दोराचा नाही.

खरा दोष दुसरीकडे आहे आणि तो दाखवायला कॅटलोनियाला जावे लागते. स्पेनमधल्या त्या प्रांतात माणसांचे मनोरे रचतात. 2010 साली युनेस्कोने त्यांना मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले, आणि दहा मजले तिथे 1998 मध्येच झाले. त्यांच्याकडे मडके मुळातच नाही. टोकाचे पोर एक हात वर करते, बस्स. पण मनोरा नुसता चढवला तर गुण कमी. चढवून पुन्हा धडपणे उतरवला तर जास्त. आपल्याकडे निवेदक घसा फोडून आकडे मोजतो ते चढतानाचे. उतरताना डीजे सुरू झालेला असतो.

म्हणून ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या आयोजकांना आमची विनंती आहे. दोर, हेल्मेट, गाद्या ठेवाव्यात. चाळीच्या आठवणींपोटी त्यांतले काहीही कमी करू नये. बिदागीचे दोन भाग करावेत: अर्धी सलामीला, अर्धी शेवटचा माणूस आपल्या पायांनी जमिनीवर उतरल्यावर. माइकवर थर उलटे मोजावेत, नऊ, आठ, सात असे. आणि रात्री दहाला आवाज बंद होण्याआधी, गल्लीतल्याच एखाद्या चार थरांच्या पथकाला बोलावून, दोर त्यांच्या हाताला लागेल इतका सैल सोडून, ती हंडी एकदाची फोडू द्यावी. त्याआधी तिच्यात दही घातले आहे ना, हे कोणीतरी पाहावे.