हळू धावा, रायपूरकर!

पाऊस ओसरला की तेलीबांधा तलावाच्या मरीन ड्राइव्हवर नवे बूट दिसायला लागतात. हिवाळ्यातली एखादी हाफ मॅरेथॉन ठरलेली असते, नावनोंदणीचे पैसे भरलेले असतात आणि पहिल्याच आठवड्यात मंडळी तलावाभोवती जीव तोडून पळत सुटतात. महिना होत नाही तोच त्यातले काही जण नडगी धरून घरी बसतात. माझं म्हणणं सरळ आहे. पहिल्या हाफ मॅरेथॉनची तयारी आळसापेक्षा घाईने जास्त बिघडते.

अंतर 21.0975 किलोमीटर आहे. बीडच्या मांडव्याचा अविनाश साबळे 2020 साली दिल्लीत ते 1 तास 30 सेकंदांत धावला, म्हणजे किलोमीटरमागे 2 मिनिटं 52 सेकंद. त्या वेगामागे सैन्यातली शिस्त आणि कित्येक वर्षांची मेहनत आहे. नोकरी सांभाळून चाळिशीत धावायला लागलेल्या माणसाने किलोमीटरला आठ मिनिटं घेतली, तर त्याला 2 तास 49 मिनिटं लागतील. पहिल्या खेपेला ही वेळ उत्तम आहे. खरी परीक्षा एवढा वेळ पायांवर टिकण्याची आहे, आणि ती हळू धावूनच पास होता येते. सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्यांत बोलता आलं पाहिजे, इतकं हळू. बोलताना धाप लागली तर वेग कमी करा. मनगटावरचं घड्याळ काय म्हणतं ते घरी जाऊन बघा.

हळू का, याचं कारण शरीरात आहे. हृदय आणि फुप्फुसं सरावाला लवकर रुळतात, काही आठवड्यांतच दम टिकायला लागतो. स्नायूबंध आणि हाडं मात्र महिने घेतात. हाडावर नवा ताण आला की शरीर आधी जुना भाग झिजवतं आणि मग नवा भरतं, त्यामुळे मधल्या काळात ते हाड थोडं कमकुवत असतं. म्हणून दुसरा महिना सर्वांत धोक्याचा. दम म्हणतो पळ, आणि नडगी अजून तयार नसते. या काळात ‘आज फार मस्त वाटतंय’ म्हणून पाच किलोमीटर जास्त धावणारे पुढचे दीड-दोन महिने दुखणं काढतात.

यावर हमखास सांगितला जाणारा उपाय म्हणजे दर आठवड्याला दहा टक्केच अंतर वाढवा. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनला संशोधकांनी पाचशेहून अधिक नव्या धावपटूंवर हा नियम तपासला आणि 2008 साली निष्कर्ष छापले. एका गटाला 13 आठवड्यांचा सावकाश वाढणारा सराव दिला, दुसऱ्याला 8 आठवड्यांचा नेहमीचा. दोन्ही गटांत साधारण पाचातल्या एकाला दुखापत झाली. आकडा पाळला म्हणून पाय वाचतोच असं नाही. एकाच जागी टोचणारं, सकाळी उठल्यावरही असणारं, धावताना वाढत जाणारं दुखणं दिसलं की थांबायचं. तो निर्णय कोणताही तक्ता तुमच्यासाठी घेणार नाही.

माझा हिशेब असा. सलग पाच किलोमीटर आरामात धावता येत असतील तर हाफला चार महिने द्या. आठवड्यातून तीन-चार दिवस धावा आणि रविवारचं लांब अंतर आठवरून हळूहळू सोळा-अठरापर्यंत न्या. दर चौथ्या आठवड्याला ते कमी करा. शेवटच्या दोन आठवड्यांत सराव निम्म्यावर आणा. दर आठवड्याला दोन दिवस घरीच पोटऱ्यांचे आणि मांड्यांचे व्यायाम करा. आणि मध्ये चाला! 1972 च्या ऑलिम्पिकमध्ये धावलेल्या जेफ गॅलोवे यांनी धावणं आणि चालणं आलटून पालटून करण्याची पद्धत हजारो नवख्यांना शिकवली. चार मिनिटं धावून एक मिनिट चालणाऱ्याला हसणारे लोक मला अजिबात आवडत नाहीत.

चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात एखादे काका हमखास भेटतात, ‘गुडघे जातील हो तुमचे!’ म्हणणारे. काकांना आदरपूर्वक सांगते: 2017 साली अनेक अभ्यास एकत्र करून तपासलं, तेव्हा हौशी धावपटूंमध्ये गुडघ्याच्या आणि खुब्याच्या संधिवाताचं प्रमाण साडेतीन टक्के निघालं, बैठ्या माणसांमध्ये दहा टक्क्यांच्या वर. स्पर्धात्मक पातळीवर धावणाऱ्यांमध्ये मात्र ते तेराच्या पुढे होतं. म्हणजे इथेही बेताने धावणाराच जिंकतो. गुडघा आधीच दुखत असेल तर अर्थात डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करा. चाळिशीनंतर, किंवा मधुमेह, रक्तदाब असेल, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, तर हृदयाची तपासणीही करून घ्या. टाळाटाळ नको.

आता रायपूरचं. पुण्या-मुंबईचे तक्ते इथे जसेच्या तसे चालत नाहीत. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो, जुलै-ऑगस्टमध्ये हवेत इतकी आर्द्रता की घाम वाळतच नाही आणि त्याच वेगाला हृदय जास्त धडधडतं. त्या महिन्यांत वेग सोडून द्या आणि वेळ मोजा. धावायला खरे चांगले महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पण नेमक्या याच महिन्यांत शहराच्या उत्तरेला असलेल्या उरला-सिलतराच्या कारखान्यांची काजळी सकाळी गच्चीवर हाताला लागते. थंडीत जमिनीलगतची हवा वर उठत नाही, धूर तिथेच अडकतो. सर्वांत गार वेळ तीच सर्वांत घाण वेळ, हे या शहरातल्या धावणाऱ्याचं दुर्दैव आहे. हवेचा निर्देशांक बघून निघा. वाईट दिवशी घरात व्यायाम करा किंवा ऊन थोडं वर आल्यावर धावा. रविवारचं लांब धावणं शक्यतो नवा रायपूरला, सेंध तलावाच्या बाजूला करा. तिथे रस्ते रुंद आहेत आणि वाहनं कमी. कारखान्यांतून रात्री धूर जास्त सोडला जातो ही इथल्या रहिवाशांची जुनी तक्रार आहे. आरोग्याच्या नावाने दौडीला झेंडा दाखवणाऱ्या प्रत्येक नेत्याला या तक्रारीबद्दल जाहीरपणे विचारलं गेलं पाहिजे.

खाण्यासाठी महागड्या जेलच्या पुड्या लागत नाहीत. आपण धानाच्या प्रदेशात राहतो. आदल्या रात्री वरणभात, सकाळी निघण्यापूर्वी थोडे पोहे किंवा एक केळं. सव्वा तासापेक्षा जास्त धावणार असाल तर सोबत केळं किंवा गुळाची चिक्की ठेवा, आणि शर्यतीच्या दिवशी नवं काहीही तोंडात घालू नका. पाणी तहानेप्रमाणे प्या. अतिपाण्याचाही धोका असतो. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या 488 धावपटूंपैकी 13 टक्क्यांच्या रक्तात सोडियम सामान्य पातळीच्या खाली गेलेलं होतं, आणि शर्यतीत वजन वाढलेल्यांमध्ये, म्हणजे गरजेपेक्षा जास्त प्यायलेल्यांमध्ये, हा त्रास अधिक होता.

पहाटे पाचच्या अंधारात एकट्या बाईने कुठे धावायचं, हा प्रश्न मात्र कुठल्याच तक्त्यात नसतो. गटाने धावा, हे उत्तर अर्धवट आहे. दिवे लागलेले असणं आणि गस्तीची गाडी फिरणं हे महापालिकेचं आणि पोलिसांचं काम आहे. ते झालं तर मरीन ड्राइव्हवर पहाटे बायकांची संख्या वाढेल, याची मला खात्री आहे.

शेवटची विनंती स्पर्धा भरवणाऱ्यांना. उजाडायच्या आधी, साडेपाचला शर्यत सुरू करा. पाहुणे उशिरा आले म्हणून साडेसातच्या उन्हात लोकांना ताटकळत ठेवू नका. दर अडीच किलोमीटरला पाणी ठेवा, आणि ते मागून येणाऱ्यांनाही पुरेल एवढं ठेवा. रुग्णवाहिका आणि हृदयाला विजेचा धक्का देणारं यंत्र अंतिम रेषेजवळ हवंच. आणि अंतिम रेषा साडेतीन तास उघडी ठेवा. किलोमीटरला दहा मिनिटं घेणारा माणूस साधारण तेवढ्या वेळात पोचतो. त्याने भरलेलं शुल्क पहिल्या आलेल्याएवढंच आहे.