दिवा कोणता लागलाय, सर?

रायपूरच्या सदर बाजारात सराफाच्या पेढीवर नेट गेलं, की इंटरनेट कंपनीचा माणूस शिडी घेऊन धावतो. तिथल्याच दृष्टिहीन ग्राहकाने फोन केला, तर पहिला प्रश्न, "राउटरवरचा दिवा लाल दिसतोय की हिरवा?" दिसत नाही म्हटलं, तर "जरा नीट बघा ना, सर!"

मग अ‍ॅप. स्क्रीन रीडर इमानेइतबारे वाचतो : "बटण. बटण. बटण." कशाचं, ते कंपनीलाच ठाऊक. पुढे वाकडीतिकडी अक्षरं ओळखून आपण माणूस असल्याचं सिद्ध करायचं.

२०१६चा दिव्यांग हक्क कायदा आहे. ३० एप्रिल २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुविधा हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. कंपनीही तत्परच : "तक्रार निकाली काढली. समाधानी असाल, तर खालच्या चित्रातला हसरा चेहरा निवडा."