आधी बिल, मग भाषण

अपयश पचवायला शिका, असं सांगणाऱ्यांचा सध्या सुकाळ आहे. मेळावा कुठलाही असो, वक्ता उभा राहतो, जिद्द, चिकाटी आणि सकारात्मक विचारांची उजळणी करतो, टाळ्या घेऊन उतरतो. समोर भोसरीचा, सातपूरचा, शिरोलीचा कारखानदार बसलेला असतो. त्याची जिद्द शाबूत आहे. अडकलंय ते त्याचं पेमेंट.

लघुउद्योजकाला आडवा पाडणारा फटका अनेकदा असाच असतो. माल चांगला, ऑर्डर हातात, मशीन चालू, पैसे मात्र पार्टीकडे. अकाउंट्सला फोन केला की बिल सिस्टिमला चढलेलं नसतं. स्टोअर्सला विचारलं तर माल मिळाल्याचा जीआरएन झालेला नसतो. तो झाला की क्वालिटीचा शेरा, मग डेबिट नोट, मग 'पेमेंट रन पुढच्या गुरुवारी'. इकडे 7 तारखेला पगार, 15 ला पीएफ, 20 ला जीएसटी. तोही अजून हाती न पडलेल्या पैशांवर! बिल फाडलं की कर लागू. पैसे आले का, हे कुणी विचारत नाही. बँकेचा हप्ता 90 दिवस थकला की याचं खातं एनपीए. मोठ्या कंपनीने याचे पैसे 120 दिवस अडवले तरी तिची पत जागच्या जागी.

कायदा आहे, आणि चांगला आहे. 2006 च्या एमएसएमईडी कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. लेखी करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या महिन्याला चक्रवाढ व्याज. पण मागणार कोण? मागितलं की पुढची ऑर्डर शेजारच्या गाळ्यात. एप्रिल 2024 पासून आयकरातही पाचर मारली गेली: मुदतीत पैसे दिले नाहीत तर प्रत्यक्ष देईपर्यंत त्या खर्चाची वजावट नाही. त्यावर काही खरेदीदारांनी पुरवठादारांनाच लघुउद्योग म्हणून केलेली उद्यम नोंदणी काढून टाकायला सांगितलं. ही निव्वळ मुजोरी आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट मेळाव्यांतल्या जिद्दीच्या भाषणांत हमखास येते. लोखंडी नांगर, शेतकऱ्यांचा संशय, बेळगावातून हलवावा लागलेला कारखाना. सगळं खरं. पण औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी जागा दिली, 10,000 रुपयांचं कर्ज दिलं आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडीची सुरुवात झाली, हा भाग घाईत उरकला जातो. त्या जिद्दीच्या पाठीशी वेळेवर पैसा उभा राहिला. आजचा कारखानदार तर कर्जही मागत नाही, केलेल्या कामाचे पैसे मागतोय.

कारखानदारांनाही सांगणं आहे. बिलावर उद्यम क्रमांक छापा. एकाच पार्टीवर निम्मा धंदा टांगू नका. थकबाकी डोक्यावर जाण्याआधी अशा तक्रारी ऐकणारं फॅसिलिटेशन कौन्सिल गाठा. एकट्याला भीती वाटत असेल तर असोसिएशनला पुढे करा. आणि पैसे अडकलेत हे घरात सांगा. बायकोचे दागिने गुपचूप गहाण टाकून कामगारांचे पगार करणारी माणसं मी पाहिली आहेत. पैसे दुसऱ्याने थकवायचे आणि तोंड आपण लपवायचं, हे कशासाठी?

कंपन्यांना 45 दिवसांपलीकडची थकबाकी दर सहामाहीला एमएसएमई-1 या फॉर्ममध्ये सरकारला कळवावी लागते. पुढच्या उद्योजकता मेळाव्यात व्यासपीठावर बसणाऱ्या प्रत्येक कंपनीने तो फॉर्म आधी माइकवर वाचून दाखवावा. अपयशावरचं भाषण त्यानंतर ऐकू.