पुढील स्थानक अफरवट

आसनगावच्या माणसाला चालत्या गाडीत चढायला शिकवावं लागत नाही. हे शिक्षण थेट काश्मिरात, गुलमर्गच्या गोंडोलात कामाला आलं. तिथली केबिन पूर्ण थांबतच नाही. फलाटात शिरली की वेग मंदावतो, दार उघडतं आणि ती सरकत असतानाच सहा जणांनी आत शिरायचं. आमच्या पुढे उभं असलेलं एक चांगलं शिकलेलं कुटुंब ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ करत दोन केबिन हुकवून बसलं. आमच्या आत्याने आधी पिशवी आत भिरकावली, पाठोपाठ स्वतः गेली, खिडकी धरली आणि उरलेल्या जागांवर रुमाल, मफलर आणि एक हातमोजा टाकून त्या ‘आपल्या माणसांच्या’ करून टाकल्या. रांगेतल्या एका नवपरिणीत जोडप्याला तिने उदार मनाने हाक मारली, “या, या, तिसरी सीट रिकामी आहे!” ते बिचारे पंजाबी. त्यांना काही कळलं नाही, पण आवाजातला अधिकार कळला. आले आणि बसले.

भाऊजी मुरबाडचे. मुरबाडला रेल्वे येणार, येणार हे ऐकतच त्यांचे केस पिकले, त्यामुळे कुठलंही वाहन दिसलं की ते मुरबाडला लागू पडेल का, हा विचार त्यांच्या डोक्यात आधी येतो. गोंडोलाचे खांब त्यांनी बारकाईने पाहिले. एक इथे, दुसरा पार तिकडे. मधल्या जमिनीला धक्का नाही. “अहो, हेच पाहिजे,” ते म्हणाले. “भूसंपादनच नाही! कल्याणहून तारेवर बसवा, मुरबाडला उतरवा.” तार पुढे टोकावड्यापर्यंत न्यायची की नाही यावर ते आणि ताई पहिला टप्पा संपेपर्यंत भांडत होते. बाहेर देवदारांवर बर्फ लगडलेलं होतं. ते एकट्या पंजाबी नवऱ्याने पाहिलं.

या गोंडोलाचे दोन टप्पे. गुलमर्ग ते कोंगदूरी हा पहिला, 1998 सालचा. कोंगदूरीहून अफरवट पर्वताच्या खांद्यापर्यंतचा दुसरा, 2005 सालचा. यंत्रणा फ्रान्समधल्या पोमा कंपनीची. वरचं स्थानक साधारण तेरा हजार फुटांवर. आमचा माहुली गड, ज्याच्या जिवावर शहापूर तालुका मान ताठ ठेवतो, तो 2815 फूट. म्हणजे एकावर एक चार माहुली रचल्या तरी हात पोचायचा नाही. ही उंची दुसऱ्या टप्प्यात माणूस बाराएक मिनिटांत, मांडीला मांडी लावून, शेंगदाणे खात गाठतो. माहुलीला पायथ्यापासून वर जायला आम्हाला दोन-तीन तास लागतात. शेवटी लोखंडी शिडी येते तेव्हा पोटऱ्यांना पेटके आलेले असतात आणि बरोबरचा शहाणा म्हणत असतो, “आता आलंच.”

गोंडोलापाशी पोचण्याआधी तंगमर्गला गमबूट आणि कोट भाड्याने घेण्याचा सोहळा झाला. तिथून पुढे बर्फात चाकांना साखळ्या बांधलेली गाडीच चालते. भाऊजींनी उमेदीची सगळी वर्षं बैलांच्या बाजारात घालवली आहेत. गमबूट त्यांनी वाकवला, हुंगला आणि टाच ठोकून पाहिली. मग शेजारी उभ्या असलेल्या तट्टाच्या तोंडात बोटं घालून दात पाहिले आणि जाहीर केलं, “जुळलंय.” तट्टूवाल्याला वाटलं गिऱ्हाईक पटलं. त्याने भाव सांगितला. भाऊजींनी गप्प राहून त्याचा हात धरला, वर स्वतःचा मफलर टाकला आणि खालून बोटं दाबायला सुरुवात केली. तो काश्मिरी माणूस इतका गडबडला की आपसूक दोनशे रुपये खाली आला. तट्टावर बसायचं नव्हतंच कुणाला. भाऊजींना फक्त हात साफ ठेवायचा होता.

आत्याने कोट घ्यायला साफ नकार दिला. तिच्याकडे गेल्या साली म्हशाच्या जत्रेत घेतलेली काळी घोंगडी होती. “दुसऱ्याच्या अंगातला कोट कोण घालतो?” हा प्रश्न तिने अशा आवाजात विचारला की आम्ही चढवलेले कोट एकाएकी खाजायला लागले.

दुसऱ्या टप्प्यात मधेच वाऱ्यामुळे केबिन थांबली. वारा वाढला की थांबवतात, तशी पद्धतच आहे. खाली दरी, वर तार, केबिन मंद झुलतेय. पंजाबी नवरी डोळे मिटून पुटपुटू लागली. आम्ही कसारा लाइनची माणसं, आमच्या चेहऱ्यावरची माशीही हलली नाही. ताईने हातपिशवीतून विणकाम काढलं. आत्याने त्या मुलीच्या पाठीवरून हात फिरवला. “घाबरू नको गं पोरी, मागून एक्सप्रेस येत असेल. ती पुढे काढली की सोडतील आपल्याला.”

सोडलं.

वरती पांढरं, पांढरं आणि पांढरं. सुरुवातीला सगळेच गप्प झाले, आणि हे आमच्या घराण्यात सहसा घडत नाही. पण न दमता शिखरावर आलं की पुढे काय करायचं ते सुचत नाही. गडावर पोचलं की धाप टाकायची, टाक्यातलं पाणी प्यायचं, भाकरी सोडायची, असा क्रम ठरलेला असतो. इथे सगळेच ताजेतवाने. भाऊजी तरातरा निघाले, दहा पावलांवर कंबर धरून थांबले. एवढ्या उंचीवर हवा विरळ. आमच्या नाणेघाटात दगडी रांजण आहे. सातवाहनांच्या काळात घाट चढून आलेल्याची जकात त्यात पडे, असं सांगतात. अफरवटनेही आमची जकात वरच घेतली, फक्त श्वासात.

माहुलीच्या अंगाला नवरा, नवरी आणि भटोबा नावाचे सुळके आहेत. लग्न कधी लागलं ठाऊक नाही, पण तिघे आजवर जागचे हललेले नाहीत. अफरवटवरच्या नवरा-नवरींना फोटोवाला मिनिटाला तीनदा हलवत होता.

आत्या बर्फाकडे टक लावून बघत होती. तिचं माहेर भातसाच्या काठचं. शहापूर तालुक्यातल्या तानसा आणि भातसाच्या पाण्यावर मुंबई अंघोळ करते. वैशाखात तालुक्यातल्या पाड्यांवर मात्र बायका टँकरची वाट बघत हंडे मांडून बसतात. “एवढं पाणी वर नुसतं पडून आहे,” ती हळूच म्हणाली. “मुंबईवाल्यांना सांगू नका.”

तेवढ्यात एक स्लेजवाला आला. स्लेजचं सोडून त्याने आत्याच्या घोंगडीचा काठ चिमटीत धरला आणि लोकर चोळून पाहिली. माणूस जाणकार होता.

“कितने की है, माताजी?”

“बेचने की नाही. पौष पौर्णिमेला म्हशाला आव. कल्याणला उतरनेका, मुरबाडकी एसटी पकडनेकी. जत्रा में पाहिजे तेवढी मिलेगी.”

“वहाँ बर्फ है?”

“नाही.”

“गोंडोला?”

आत्याने क्षणभर विचार केला. “आकाशपाळणा है. लई उंच.”

“ऊपर से क्या दिखता है?”

“बैल,” भाऊजींनी अभिमानाने सांगितलं.