सोळा हजारांचं ऊन

एचडीएफ जातीची फाइल एकदा नोटपॅडमध्ये उघडून बघावी. नासाच्या टेरा उपग्रहानं मोजलेलं दिल्लीचं ऊन आत असतं, पण पडद्यावर उमटतात ती प्रश्नचिन्हं, चौकोन आणि मधूनच वाट चुकलेलं एखादं अक्षर. शास्त्रज्ञ काही लपवत नसतात. एका फाइलीत 1200 गुणिले 1200, म्हणजे 14 लाख 40 हजार चौकटी. प्रत्येकीचं तापमान दोन बाइटांत कोंबलं की जागा वाचते.

मग कुणीतरी छोटासा प्रोग्रॅम चालवून त्या फाइलीचा मजकूर करून देतं. आता सगळं वाचता येतं: 15874, 16000, 0, 0, 15911. वाचता येतं, एवढंच. जुने कापडवाले खरेदीचा भाव चिठ्ठीवर सांकेतिक अक्षरांत लिहीत. गिऱ्हाइकाला अक्षरं दिसत, भाव कळत नसे. इथंही किल्ली फाइलीतच एका कोपऱ्यात असते: 0.02 नं गुणा. 16000 चे होतात 320 केल्व्हिन, त्यातून 273.15 गेले की 46.85 सेल्सिअस. तेही हवेचं नव्हे. शेताचं, गच्चीचं, डांबराचं.

आणि ते शून्य? शून्य म्हणजे मोजता आलं नाही, बहुतेक वेळा ढग आडवे आले म्हणून. घाईत त्यालाही गुणून वजा केलं, तर भर मे महिन्यात दिल्लीशेजारच्या आमच्या गाझियाबादेत उणे 273.15! विश्वात याहून थंड काही असूच शकत नाही. दुपारी तिथल्या इंदिरापुरममधून रिक्षा शोधत चालणाऱ्याला ही चूक मनापासून आवडेल. मला आवडते.

फाइलीच्या नावात तारीखही अशीच गुंडाळलेली. ए2024150 म्हणजे 2024 चा दीडशेवा दिवस, 29 मे. त्याच दुपारी दिल्लीतल्या मुंगेशपूरच्या स्वयंचलित हवामान केंद्रानं 52.9 अंश कळवले. इथं गुणाकार नाही, किल्ली नाही. शेंबड्या पोरालाही वाचता येईल असा आकडा. तो क्षणात देशभर पसरला. पुण्यातल्या नातेवाइकांनी ‘आमच्याकडेही फार उकडतंय हो’ म्हणणं तात्पुरतं बंद केलं. पुढं हवामान खात्यानं तपासलं, तर सेन्सर तीन अंश जास्त दाखवत होता. खातं बरोबरच होतं, पण आमच्या इमारतीत कुणी ते फारसं मनावर घेतलं नाही. पुण्याला तर कुणीच कळवलं नाही.