पुंगळीशास्त्री

पुंगळीशास्त्र्याची बंदूक नेहमी स्वस्त असते. तिचं काडतूस बनवायचं कारखान्यांनी केव्हाच सोडून दिलेलं असतं, म्हणून ती स्वस्त; आणि नेमकं त्याचसाठी त्याने ती घेतलेली असते.

हा इसम अमेरिकेत सापडतो. आपल्याकडे परवान्यावर काडतुसं किती, हेसुद्धा सरकार ठरवतं, त्यामुळे ही जात फोफावायला वाव नाही. तिकडे ओहायोत, पेनसिल्व्हेनियात ती बेसमेंटमध्ये सुखाने नांदते. वय साठीपुढे, चष्म्याला दोरी, खिशात कॅलिपर, बोटांवर शिशाची काळपट छटा. बंदूक चालवण्यात त्याला फारसा रस नसतो. तिच्या पोटात काय घालायचं, एवढीच त्याला विवंचना.

समजा बंदूक मार्टिनी-हेन्री आहे, ब्रिटिश सैन्याने १८७१ मध्ये स्वीकारलेली. २००३ च्या सुमारास काठमांडूच्या एका जुन्या राजवाड्यातून, लगन सिलेखान्यातून, अशा बंदुका ढिगाने अमेरिकेत आल्या, कित्येक वर्षांच्या मळासकट. शहाणी माणसं त्या भिंतीवर लावायला घेतात. त्याला एक खिळा पुरतो. शास्त्रीबुवा उडवायला घेतात.

आधी बंदुकीच्या आतली मापं. जुन्या नळीवर कागदातल्या आकड्यांचा भरवसा नसतो, म्हणून सेरोसेफ नावाचा मिश्रधातू वितळवून आत ओततात. तो उकळत्या पाण्यापेक्षा कमी उष्णतेत वितळतो. पण मोठा लहरी! थंड होताना आधी आकसतो, मग हळूहळू फुगतो आणि तासाभराने नेमक्या मापावर येतो. कॅलिपर तेव्हाच लावायचा. वरून जेवायची हाक येते. ‘अजून बावीस मिनिटं!’ खालून उत्तर जातं. बाई निमूटपणे भांड्यावर झाकण ठेवतात. त्यांचा नंबर त्या धातूनंतर लागतो, हे त्या जाणून असतात.

मग पुंगळी, म्हणजे काडतुसाचं पितळी कवच. मार्टिनीची पुंगळी खाली ढब्बू आणि वर एकदम निमुळती. ती घडवायला लागते २४ बोअरच्या शॉटगनची पितळी पुंगळी. आता २४ बोअर अमेरिकेत कोण वापरतो? त्या पुंगळ्या ब्राझीलच्या. म्हणजे एक मेलेली वस्तू उठवायला दुसरी अंथरुणाला खिळलेली वस्तू परदेशातून मागवायची. तेल लावून ती साच्यात दाबायची, मग दुसऱ्या साच्यात, मग तिसऱ्या. पितळ दाबून दाबून कडक होतं, म्हणून त्याची मान तापवून मऊ करायची. किती तापलं ते रंगावरून कळतं आणि रंग दिसतो अंधारात. म्हणून रात्री दिवे मालवून, पुंगळ्या पाण्याच्या थाळीत उभ्या करून, हातात ज्योत घेऊन गृहस्थ बसलेले. नव्या शेजाऱ्यांना वाटतं, कसला तरी विधी चाललाय. त्यांचं काही चुकत नाही. चुरगळलेल्या पुंगळ्या तो टाकत नाही. त्यांचे वेगळे डबे असतात आणि डब्यांवर तारखा.

शिसं जमवणं हा जोडधंदा. शहरातले सगळे टायरवाले त्याला नावाने ओळखतात, कारण चाकांच्या तोलाची शिशाची वजनं तो मागून नेतो. हल्ली ती जस्ताची येऊ लागली, हे त्याच्या मते संस्कृतीच्या ऱ्हासाचं पहिलं लक्षण. दुसरं लक्षण, लायनोटाइप छपाई बंद पडली. त्या छपाईच्या धातूत शिसं, अँटिमनी आणि कथील असं काही सुरेख जमलेलं असतं की वर्तमानपत्रं बुडाल्याचं त्याला मनापासून वाईट वाटतं. मजकुराबद्दल त्याचं काही म्हणणं नसतं.

हे सगळं काटकसरीसाठी, असं तो सांगतो. विकतचं काडतूस केवढ्याला पडतं ते त्याला तोंडपाठ. सोनाराने गुंजा मोजाव्यात तशी तो बंदुकीची दारू ग्रेनमध्ये मोजतो आणि पैसेही तसेच मोजतो. पुंगळ्या दाबायचा प्रेस, तराजू आणि साचे मात्र त्या हिशेबात धरायचे नसतात. ते काय, एकदाच घ्यायचे. दर जातीच्या काडतुसाला साचा वेगळा लागतो आणि बंदुका भिंतभर आहेत, हे आपण काढू नये.

अखेर उडवायचा दिवस. इथे मात्र तो वेडा नाही. जुन्या पोलादाचा भरवसा नसतो हे त्याला पक्कं माहीत. पहिल्या बाराला बंदूक जुन्या टायरला बांधतो, चापाला लांब दोरी लावतो आणि जाड झाडामागे उभा राहून ओढतो. धडाड! पांढऱ्या धुराचा लोट. नेम लागला का, हे बघायला कुणी जात नाही. तो पुंगळी उजेडाकडे धरून मानेवर तडा शोधत असतो. तडा नसला की मित्रांना फोन.

खरं संकट पुढेच. एखादा कारखाना ते काडतूस पुन्हा बनवू लागतो. मित्र अभिनंदन करायला येतात, तो ते सांत्वन म्हणून स्वीकारतो. दोन-चार महिन्यांत बंदूक विकली जाते आणि तो एखाद्या प्रदर्शनात जुन्या स्विस व्हेटर्ली बंदुकीपुढे उभा दिसतो. तिच्या काडतुसाला बुडाशी ठिणगी पाडणारी टोपीच नसते, तो मसाला पुंगळीच्या काठात भरलेला. एकदा उडवलं की पुन्हा भरायची सोय नाही. तिचा दस्ता कुरवाळताना चेहऱ्यावर किती वर्षांनी अशी टवटवी आलेली असते.

मी अमेरिकेत राहतो तिथे असे एक शास्त्रीबुवा माझे शेजारी आहेत. मी पुण्याचा म्हटल्यावर ते हरखले. शनिवारवाडा, पेशवे, विद्यापीठ यातलं त्यांना काही माहीत नव्हतं. ‘पुणे? म्हणजे किर्की!’ किर्कीचा, म्हणजे आपल्या खडकीचा, दारूगोळा कारखाना १८६९ चा, आणि तिथल्या .३०३ रायफलच्या पुंगळीच्या बुडावर के. एफ. असा छाप असतो, हे त्यांनी मला सांगितलं. पुढे टोप्यांवर घसरले. बॉक्सर इंग्रज, पण त्याची टोपी वापरतात अमेरिकेत. बर्डन अमेरिकन, त्याची गेली युरोपात. बॉक्सरच्या पुंगळीला मधोमध एकच भोक, सळई घातली की वापरलेली टोपी टपकन बाहेर. बर्डनच्या पुंगळीला बाजूला दोन बारीक भोकं. टोपी उचकटताना देव आठवतो.

यंदा मी भारतात निघालो तर म्हणाले, येताना खडकीच्या चार रिकाम्या पुंगळ्या आणशील? मी हात जोडले. विमानतळावर बॅगेत पुंगळी सापडली तर पुढे पोलीस, कोर्ट, जामीन, पासपोर्ट, काय काय होईल ते सविस्तर सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

‘ते एक वेळ चालेल रे,’ म्हणाले, ‘पण ती मेली सगळी बर्डन. राहू दे.’